मुलांच्या ठरावाला आवक क्रमांक द्या

शाळेत निवडणूक हवीच कशाला, असं विचारणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पालकसभेत हा सूर निघतो, मुख्याध्यापकांच्या सहविचार सभेत निघतो, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तर हमखास निघतो. युक्तिवाद थोडक्यात असा: मुलं शाळेत शिकायला येतात, कारभार करायला नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना काय कळतं? निवडणूक आली की वर्गात गट पडतात, भावकी आणि जात येते, मतासाठी चॉकलेटं वाटली जातात. शिवाय शाळा चालवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकाची. उद्या काही कमीजास्त झालं तर कारणे दाखवा नोटीस त्याच्या टेबलावर येते, विद्यार्थी प्रतिनिधीच्या बाकावर नाही. तेव्हा शालेय मंत्रिमंडळ ठेवायचंच असेल तर पहिल्या पाच नंबरांतली मुलं नेमा, त्यांना बिल्ले लावा, परिपाठाची आणि स्नेहसंमेलनाची कामं द्या आणि विषय संपवा.

हा युक्तिवाद चुकीचा आहे आणि त्याचा भुर्दंड मुलांना बसतो आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आयुष्याचा मोठा काळ माध्यमिक शाळेत शिकवण्यात घालवलेला माणूस म्हणून मी हे लिहितो आहे. आजची बहुतेक शालेय मंत्रिमंडळं पोकळ आहेत, ही त्यातली खरी गोष्ट आधीच मान्य करतो. पण ती पोकळ का झाली, याचं कारण मुलांमध्ये शोधायचं की कार्यालयात, इथे आमचे रस्ते वेगळे होतात. मला ते कार्यालयात दिसतं. मुलं काही मागतात, सुचवतात, क्वचित लिहूनही देतात, आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. उत्तर द्यायचं एवढं एक बंधन शाळेनं स्वतःवर घालून घेतलं तर वरच्या आक्षेपांतले निम्मे गळून पडतील.

जुलै महिन्यात एखाद्या हायस्कूलमध्ये जाऊन बघा. मतदान मोठ्या हौसेनं होतं. उमेदवार अर्ज भरतात, छाननी होते, माघारीची वेळ असते, चिन्हं मिळतात: पतंग, फळा, छत्री. मोबाइलवरच्या ॲपचं मतदानयंत्र होतं, बटण दाबलं की लांब बीप वाजतो. नववीतली मुलगी मतदान अधिकारी क्रमांक दोन होऊन बोटाला शाई लावते आणि हात पुसायला चिंधी जवळ ठेवते, कारण तिच्या सरांनी विधानसभेच्या ड्यूटीवर तसंच केलेलं असतं आणि तिला ते नीट समजावून सांगितलेलं असतं. दुपारी निकाल, दुसऱ्या दिवशी परिपाठाला शपथविधी, फोटो. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, पर्यावरणमंत्री, सहलमंत्री, शिस्तमंत्री. शिक्षक यासाठी मनापासून राबतात आणि मुलं त्यातून मतदानाची रीत खरोखर शिकतात. ती मेहनत मी कमी लेखत नाही.

घोळ ऑगस्टात सुरू होतो. पर्यावरणमंत्री झाडांना पाणी घालतो. आरोग्यमंत्री सोमवारी नखं तपासते. सहल कुठे जाणार हे सहलमंत्र्याला इतरांबरोबरच सूचनाफलकावरून कळतं. पुरेपूर काम मिळतं ते शिस्तमंत्र्याला: सर वर्गात येईपर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची. त्या नावांचं पुढे काय होतं हे वर्गात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. तरी अनेक वर्गांत शिक्षेची सुरुवात त्या यादीपासून होते आणि ती यादी करायला आपण एका मुलालाच बसवतो. ज्यांनी त्याला मत दिलं त्यांच्यावर पाळत ठेवायला त्याला लावणं ही त्या मुलाची आणि मताची, दोन्हींची अप्रतिष्ठा आहे. शिस्तमंत्री हे पद शाळांतून आजच्या आज काढून टाकावं, असं मला वाटतं.

एकूण वाटणी बघितली की ध्यानात येतं, शाळेची कामं मुलांकडे आली, पण शाळेबद्दलचं बोलणं आलं नाही. ज्या मंडळापुढे ठरवण्यासारखं काहीच येत नाही, ते मंडळ मुलं दिवाळीपर्यंत विसरतात. मग आपण म्हणायला मोकळे होतो, की पोरांना गांभीर्य नाही.

गांभीर्याबद्दल बोलायचं तर ऑगस्ट 2016 मधली चंद्रपूरची घटना आठवा. सातवीत शिकणारी, बारा वर्षांची दोन मुलं प्रेस क्लबमध्ये गेली आणि त्यांनी पत्रकार परिषद घेतली. विषय होता दप्तराचं ओझं. रोज आठ विषयांची किमान सोळा पुस्तकं, वजन 5 ते 7 किलो आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापकांकडे अनेकदा विनंती केली, काही झालं नाही, असं त्यांनी सांगितलं. उपायही सुचवले होते: पुस्तकं शाळेतच ठेवू द्या, नाहीतर तासिका कमी करा. कुणी ऐकलं नाही तर उपोषणाला बसू, असंही ती म्हणाली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली, कौतुक झालं, आणि कौतुकाच्या भरात मूळ गोष्ट मागे पडली.

मूळ गोष्ट अशी, की दप्तराच्या वजनाबद्दल शासनाचा निर्णय त्याआधी वर्षभर, जुलै 2015 मध्येच, निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयातही हा विषय चालू होता. म्हणजे न्यायालय, मंत्रालय आणि सातवीतली दोन मुलं एकाच प्रश्नावर एकच म्हणणं मांडत होती. मुलांना प्रश्न कळला होता, त्यांनी वजन आणि पुस्तकं मोजली होती, मार्ग सुचवला होता. त्यांच्यापाशी नव्हती ती शाळेच्या आतली वाट, जिथे म्हणणं मांडलं की ते कुणीतरी वाचेल आणि हो किंवा नाही म्हणेल. समजा मुख्याध्यापकांनी लिहून दिलं असतं, की तासिका शासनाच्या वेळापत्रकाप्रमाणे आहेत, त्या कमी करणं माझ्या हातात नाही. वर्गात कपाट ठेवायला जागा आहे, पण कुलपाची जबाबदारी कुणी घ्यायची ते तुम्ही ठरवून सांगा. बारा वर्षांच्या मुलांना हे न समजण्यासारखं काय आहे? शाळेचे दरवाजे बंद राहिले म्हणून त्यांना प्रेस क्लबची पायरी चढावी लागली. त्याला आगाऊपणा म्हणणाऱ्यांनी त्या आधीच्या विनंत्यांचं काय झालं, हे विचारावं.

मुलांना काय कळतं, या आक्षेपाला कायद्याचंही एक उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा. भारत त्यात डिसेंबर 1992 मध्ये सामील झाला. त्याच्या कलम 12 नुसार मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला त्याचं वय व समज पाहून वजन द्यायचं आहे. सगळं मुलांच्या हाती द्या, असं तिथे कुठेही नाही. मीही ते म्हणत नाही. पण नववीतली मुलगी घरी धाकट्या भावाला सांभाळते, आजीची औषधं वेळेवर देते, हंगामात शेतात पूर्ण माणसाइतकं काम करते. शाळेच्या फाटकातून आत आली की तिची समज एकदम कमी कशी होते?

आपल्याच भूमीत हे करून दाखवलेलं आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य ही खाती मुलांनी निवडलेल्या मंत्र्यांकडे असत आणि त्यांना आमसभेपुढे आपल्या कामाचा जाब द्यावा लागे. तिथला मंत्री म्हणजे धान्याचा हिशोब मांडणारा माणूस होता. आपण मंत्री हे नाव ठेवलं आणि हिशोब व आमसभा तेवढी वगळली. कर्नाटकात कुंदापूर तालुक्यातल्या केराडीसारख्या गावांत 1995 च्या सुमारास मुलांच्या पंचायती सुरू झाल्या. मुलं मतदानानं प्रतिनिधी निवडत आणि ग्रामपंचायतीपुढे आपले प्रश्न मांडत. पावसाळ्यात ओढे ओलांडून शाळेत जाता येत नाही, हा तिथला एक मोठा प्रश्न होता. आपल्या कोकणात ज्यांना साकव म्हणतात तसे छोटे पूल हवेत, ही मागणी मुलांकडून आली आणि पूल झाले. पुढे कर्नाटक सरकारनं मुलांच्या ग्रामसभा भरवण्याचे आदेश काढले. ओढा कुठे अडतो हे रोज ओलांडणाऱ्याला जितकं कळतं तितकं ते बांधकाम विभागाच्या अभियंत्याला कळत नाही. शाळेच्या बाबतीत तो रोजचा प्रवासी मुलगाच असतो.

इंग्लंडमधल्या समरहिलचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक हात झटकतात, परदेशी थेरं म्हणून. ए. एस. नील यांनी 1921 मध्ये सुरू केलेल्या या शाळेत सभेत प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक शिक्षकाला एकच मत असतं. इतकं टोकाचं आपल्या शाळांत शक्य नाही, हे मलाही मान्य आहे. तरी तिथली एक घटना मला सांगावीशी वाटते. सरकारी तपासणी यंत्रणेनं 1999 मध्ये शाळेवर आक्षेप घेतले, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं आणि मार्च 2000 मध्ये तडजोडीचा मसुदा पुढे आला. तो स्वीकारायचा की नाही हे ठरवायला मुलांनी लंडनच्या न्यायालयाच्या दालनातच आपली सभा भरवली, चर्चा केली, मत घेतलं आणि मसुदा मान्य केला. आपल्या शाळेचं भवितव्य पणाला लागलेलं असताना मुलं आरडाओरडा करत नाहीत, कलमं वाचतात, हे तिथे जगाला दिसलं. अर्थात त्यांना त्याची वर्षानुवर्षांची सवय होती. सवय नसलेल्या मुलांकडून एकदम अशी अपेक्षा कुणी करू नये.

आता राजकारणाचा आक्षेप. शाळेत निवडणूक आणली की राजकारण शिरेल, म्हणून निवडणूकच नको. हा उपाय महाराष्ट्रानं कॉलेजांवर करून पाहिला आहे. मुंबईत 1989 मध्ये एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद पडल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी परिषदेत परीक्षेतल्या गुणांवर नेमणुका आणल्या. खून ही भयंकर गोष्ट होती आणि काहीतरी करणं भाग होतं, याबद्दल वाद नाही. पण 2016 च्या कायद्यानं निवडणुका परत आणेपर्यंत, आणि त्यानंतरही त्या लांबणीवर पडत राहिल्या तोपर्यंत, कॉलेजांतलं राजकारण संपलं का? पक्षांच्या विद्यार्थी संघटना राहिल्या, फाटकावरचे फलक राहिले, नेत्याच्या वाढदिवसाला मोटारसायकली घेऊन जाणारी पोरं राहिली. संपलं ते एवढंच, की एखाद्यानं वर्गात उभं राहून वर्गमित्रांकडे मत मागायचं, हरायचं आणि पुन्हा त्याच बाकावर त्याच मुलांशेजारी बसायचं. राजकारणातला सगळ्यांत निरोगी भाग आपण काढून टाकला आणि बाकीचा तसाच ठेवला.

जात आणि भावकी निवडणुकीबरोबर वर्गात येत नाही. ती आधीपासून तिथे असते. मधल्या सुट्टीत डबा कोण कुणाबरोबर खातं, कुणाच्या घरी वही आणायला जाता येतं आणि कुणाच्या नाही, यात ती रोज दिसते. निवडणुकीत ती सर्वांना दिसेल इतकी उघडी पडते, आणि उघडी पडलेली गोष्ट शिक्षकाला हाताळता येते. उपाय अवघड नाहीत. मतदान गुप्त ठेवा. प्रत्येक वर्गातून एक मुलगा आणि एक मुलगी घ्या. एकदा प्रतिनिधी झालेल्याला पुढच्या वर्षी उभं राहू देऊ नका. निम्म्या जागा चिठ्ठी टाकून भरा. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी काढायला शाळकरी मुलालाच पुढे बोलावतात, कारण त्याच्या हातावर सगळ्या गटांचा विश्वास असतो. ज्याच्या हातून गावाचं आरक्षण ठरतं, त्याच्या वर्गाचा प्रतिनिधी चिठ्ठीनं ठरायला हरकत कुणाची?

आणि गुणांवर नेमणूक म्हणजे निःपक्षपातीपणा, हा समज सोडून दिलेला बरा. पहिल्या पाचांत येणारी मुलं बहुधा क्लास लावू शकणाऱ्या, घरी अभ्यासाला टेबल असलेल्या, शाळेजवळ राहणाऱ्या घरांतली असतात. त्यांचा काही दोष नाही. पण वाडीवरून दोन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीची अडचण त्यांना ठाऊक नसते. प्रतिनिधी हुशार असण्यापेक्षा तो कुणाकडून आला आहे हे महत्त्वाचं.

तिसरा आक्षेप मुख्याध्यापकांचा, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. आजच्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर यू-डायस प्लस, शालार्थ, संचमान्यता, आधार पडताळणी, अपार आयडी, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणूक शाखेची पत्रं असं सगळं एकाच वेळी पडलेलं असतं. अनेक शाळांत तो प्रभारी असतो, लिपिक नसतो, शिपाई निवृत्त झालेला असतो. अशा माणसाला आणखी एक मंडळ सांभाळायला सांगितलं तर तो वैतागणारच. शिवाय शाळेत अपघात झाला, परीक्षेत गोंधळ झाला, तर जाब त्यालाच विचारला जाणार. ज्याची जबाबदारी त्याचा अधिकार, हे तत्त्व मलाही मान्य आहे.

म्हणूनच माझी मागणी अधिकार काढून घेण्याची नाही. गुण, शिक्षकांच्या नेमणुका, कुणा मुलाला शिक्षा, यांतलं काहीही मुलांच्या मंडळाकडे असता कामा नये. शिक्षा तर मुळीच नाही. मुलांनी मुलांवर खटले चालवणं मोठ्यांच्या मारापेक्षाही क्रूर होऊ शकतं. मागणी आहे उत्तराची. पंचायत समितीतून पत्र आलं की त्याला आवक क्रमांक पडतो. पालकाच्या अर्जाला पडतो. माहिती अधिकारात कुणी अर्ज केला तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलांनी वहीचं पान फाडून लिहिलेला अर्ज मात्र टेबलाच्या काचेखाली जातो, तिथून खणात, आणि मे महिन्यात रद्दीत. त्या पानाला आवक क्रमांक द्या. पंधरा दिवसांत त्यावर शेरा मारा. शेरा तीनच प्रकारचा असू शकतो: मान्य; अमान्य, कारण अमुक; किंवा माझ्या अधिकाराबाहेरचं, म्हणून संस्थेकडे अथवा अमुक कार्यालयाकडे पाठवलं. खाली सही आणि तारीख. ते पान मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा आणि पुढच्या सभेत वाचून दाखवा. यात मुख्याध्यापकाचा कुठलाही अधिकार कमी होत नाही. तो शंभरातल्या नव्वद मागण्यांना अमान्य म्हणू शकतो. फक्त कारण लिहावं लागेल.

कारण लिहावं लागणं, यातच सगळं आहे. मुलांना नकार सोसतो. घरी, शेतात, बाजारात त्यांना रोज नकार मिळतो. सोसत नाही ते गप्प राहणं. ज्या मुलाला नकाराचं कारण मिळालं, तो पुढच्या वेळी मागणी बदलून आणतो, आणि ज्याला काहीच मिळालं नाही तो एकतर मागणं सोडतो किंवा बाक कोरतो.

एका ग्रामीण हायस्कूलमध्ये हे घडताना मी जवळून पाहिलं. शाळा सुटायची पाच दहाला आणि वरच्या वाड्यांकडे जाणारी एसटी फाट्यावरून निघायची पाचला. त्यानंतरची गाडी साडेसहाची, म्हणजे हिवाळ्यात पूर्ण काळोख. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास असलेल्या मुली शेवटच्या तासाला दप्तर मांडीवर घेऊन बसायच्या आणि पावणेपाच झाले की एकेक करत बाहेर पडायच्या. आठवड्यातले तीन दिवस तो तास गणिताचा होता. शिक्षक त्यांना पळणाऱ्या मुली म्हणत. घटक चाचणीत त्यांचे गणिताचे गुण सर्वांत कमी येत आणि त्याचं खापर त्यांच्या घरावर फुटे.

मंडळात नववीची एक प्रतिनिधी होती, त्याच वाड्यांतली. तिनं शेवटच्या तासाची हजेरी मागून घेतली, गैरहजर मुलींच्या नावांसमोर गाव लिहिलं आणि तो कागद सभेत ठेवला. सगळी नावं तीन वाड्यांची होती. ठराव चार ओळींचा होता, शुद्धलेखनाच्या चुकांसह: शाळा पंधरा मिनिटं आधी सोडावी. मुख्याध्यापकांनी लाल शाईनं शेरा मारला: शाळेची वेळ बदलता येणार नाही, तासिकांची मिनिटं कमी पडतील. शेवटच्या तासाला गणिताऐवजी शारीरिक शिक्षण किंवा कार्यानुभव ठेवता येईल, वेळापत्रक प्रमुखांनी बदल करावा. एसटीच्या वेळेबाबत आगारप्रमुखांना पत्र द्यावं. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून गेलं. आगाराचं उत्तर यायला दिवाळी उजाडली आणि ते नकाराचं होतं. पण गणित तिसऱ्या तासाला आलं आणि पळणाऱ्या मुली गणिताला बसू लागल्या. वर्षानुवर्षं तिथे शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी कुणी वाईट नव्हतं, कुणाला मुलींचं वावडं नव्हतं. हजेरी आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण त्या एसटीनं आमच्यातलं कुणी जात नव्हतं.

याच ठिकाणी सुरक्षेचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनानं सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि समित्यांबद्दल पुन्हा आदेश काढले. मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांचा आदेश तर 2022 चा आहे. छळाची, अत्याचाराची तक्रार मुलांच्या मंडळात चर्चेला येता कामा नये. तिची वाट वेगळी आहे, गोपनीय आहे आणि कायद्यानं बांधलेली आहे. पण पेटी बसवली की मूल बोलेल, असं मानणं भाबडेपणाचं आहे. जिथे मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटल्याचं तीनदा सांगूनही कुणी ऐकलेलं नसतं, तिथली मुलगी सर्वांत अवघड गोष्ट चिठ्ठीवर लिहून पेटीत का टाकेल? कडीबद्दल सांगितलं आणि आठवड्यात सुतार आला, हा अनुभव तिला आधी यावा लागतो. लहान तक्रारीला उत्तर मिळालेलं मूलच मोठी तक्रार घेऊन येतं. शाळेच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्यांनी मुलांच्या मंडळाकडे या नजरेनंही पाहावं.

पैशांबद्दलही मुलांशी बोलायला आपण घाबरतो. समग्र शिक्षा योजनेत 101 ते 250 पट असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला 50,000 रुपयांचं संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे आणि त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा आहे. म्हणजे 5,000 रुपये. ते नळावर खर्च करायचे, फिनेलवर, की स्वच्छतागृहाच्या दारावर, हे मुलांना विचारून ठरवा. बिलं त्यांच्यापुढे ठेवा. अनुदान उशिरा आलं तर तेही सांगा. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी घ्यायची तरतूद महाराष्ट्रात आहेच, त्यातली किमान एक मुलगी. त्या दोघांना सभेची विषयपत्रिका आधी मिळते का? की तास चालू असताना बोलावून सहीपुरतं वहीवर वाकवलं जातं? मुलांचं मंडळ भक्कम असेल तर हे दोघं समितीत आपलं एकट्याचं नाही तर वर्गावर्गांतून आलेलं म्हणणं घेऊन बसतील, आणि पालक सदस्यांनाही ते ऐकावं लागेल.

उरला वेळेचा आक्षेप. सभा महिन्यातून एक, शेवटच्या शनिवारी, एका तासिकेची. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर आणि लोकशाहीपुढच्या आव्हानांवर धडे आहेत. ते शिकवायचा वेळ आपण काढतोच. सभेत बसून इतिवृत्त लिहिलेल्या मुलाला ठराव, सूचक, अनुमोदक, बहुमत हे वेगळं घोकावं लागत नाही. मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं, तिथे कल्पित महापालिका आयुक्तांना कल्पित पत्र लिहिण्याऐवजी मुलं आगारप्रमुखांना खरं पत्र लिहितील. वेळ जातो हे खरं, पण तो अभ्यासातूनच जातो आणि अभ्यासातच जमा होतो.

शिक्षण विभागाकडे माझं एकच मागणं आहे. शाळेच्या वार्षिक तपासणीला विस्तार अधिकारी येतात तेव्हा जनरल रजिस्टर, कॅशबुक, पोषण आहाराची साठा नोंदवही, लॉगबुक, सगळं उघडून बघतात. त्या यादीत विद्यार्थी मंडळाची इतिवृत्त वही घाला. किती ठराव आले आणि त्यातल्या किती ठरावांखाली मुख्याध्यापकांचा कारणासह शेरा आणि सही आहे, एवढंच मोजा. वही कोरी असेल तर तपासणी अहवालात तसं लिहा आणि पुढच्या तपासणीला तीच वही पुन्हा मागा.